एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी: टीव्ही घेण्याआधी नेमकं काय बघायचं? (मंचावरची चर्चा, प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सांजवेळ

हॉलमधला ३२ इंची टीव्ही बदलायचा आहे. बजेट ७० हजार, फारच फरक पडत असेल तर थोडं ताणता येईल. दुकानात दर दोन पावलांवर वेगळी पाटी आणि विक्रेता ज्याच्यासमोर उभा असेल तोच सगळ्यात भारी.

घरची परिस्थिती अशी: सोफा ते टीव्हीची भिंत ९ फूट. जेवणाचं टेबल उजवीकडे, तिथून पडदा बराच तिरका दिसतो आणि जेवताना टीव्ही चालू असतोच. सोफ्याच्या मागे पश्चिमेची गॅलरी, चारनंतर ऊन थेट आत. दिवसभर केबलवर बातम्या आणि मालिका, सीझनमध्ये क्रिकेट, रात्री दिवे मालवून ओटीटीवर सिनेमा. गेमिंग नाही.

क्यूएलईडी आणि ओएलईडीत फरक एका अक्षराचाच का? आणि ५५ घ्यावा की ६५?

पडद्यामागे

पाट्या विसरा आणि एकच प्रश्न विचारा: उजेड कुठून येतो?

एका प्रकारात पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा थर तो उजेड ठिपक्या-ठिपक्याला कमीजास्त अडवतो. दुसऱ्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि विझतो. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी तिन्ही पहिल्या घरातले, म्हणजे मुळात एलसीडीच. ओएलईडी एकटा दुसऱ्या घरातला. त्यामुळे अक्षर एकच बदललं तरी क्यूएलईडीचं ओएलईडीशी नातं काहीच नाही. तो साध्या एलईडीचा सख्खा भाऊ. (प्लाझ्माही स्वतः पेटणाराच होता, पण २०१३-१४ मध्ये पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी सगळ्यांनी तो गुंडाळला. कोणी स्वस्तात जुना देत असेल तर घेऊ नका, सुटे भाग मिळत नाहीत. मायक्रो एलईडी कोटीच्या घरात आहे, तो सोडून द्या.)

एलसीडीचं दुखणं काळ्या रंगात आहे. खिडकीचा पडदा कितीही ओढला तरी फटीतून उजेड येतोच, तसं इथे होतं. रात्री दिवे मालवलेत की अंधारातला प्रसंग राखाडी दिसतो. त्यावर उपाय एकच, त्या भागामागचा दिवाच मंद करणं. याला लोकल डिमिंग म्हणतात. टीव्ही-टीव्हीतला खरा फरक इथे पडतो, क्यू लावल्याने नाही.

दिवे फक्त कडेला असतील (एज लिट) तर टीव्ही सडपातळ होतो, पण एखादा कोपरा मंद करायला गेलं की पट्टाच्या पट्टा मंद होतो. दिवे पूर्ण पाठीवर पसरलेले पण सगळे एकाच बटणावर असतील (डायरेक्ट लिट) तर उजेड एकसारखा मिळतो, काळा सुधारत नाही. ३५-४५ हजारांतले बरेच ५५ इंची टीव्ही याच जातीचे, त्यावर क्यूएलईडी लिहिलेलं असो वा नसो. त्यापुढे दिव्यांचे गट वेगवेगळे चालवणारे, म्हणजे फुल ॲरे. आणि दिवे खूप लहान व खूप जास्त करून गट शेकड्यांत नेले की मिनी एलईडी.

गटांची, म्हणजे झोनची संख्या विचाराच. ५५ इंची पडदा साधारण १२२ बाय ६८ सेंटीमीटरचा. झोन १०० असले तर एक झोन जवळपास ९ बाय ९ सेंटीमीटरचा झाला, आणि त्यात ४के पडद्याचे ८३ हजार ठिपके आले. काळ्या पडद्यावर पांढरं सबटायटल आलं की तो अख्खा तळहाताएवढा चौकोन उजळणार आणि अक्षरांभोवती धुरकट प्रभावळ दिसणार. झोन ५०० असतील तर तोच चौकोन ४ सेंटीमीटरचा, प्रभावळ शोधावी लागते. नुसतं मिनी एलईडी छापून झोनचा आकडा कुठेच दिलेला नसेल तर आकडा सांगण्यासारखा नाही असं समजायला हरकत नाही.

क्यूएलईडीत वेगळं असतं ते क्वांटम डॉटचं फिल्म. मागचे दिवे निळे, आणि फिल्ममधले सूक्ष्म कण त्यातल्या काही उजेडाचा शुद्ध लाल व हिरवा करतात. रंग त्यामुळे खरोखर खुलतात, हळद-कुंकवासारखे भडक रंग जास्त भरीव दिसतात. पण काळा आहे तिथेच राहतो.

आता तुमचं तिरकं टेबल. एलसीडी पॅनेलमध्ये दोन मुख्य जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा काळा चांगला (कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातल्या उजेडाचं प्रमाण, ढोबळमानाने ३००० ते ५००० ला १), पण बाजूने बघितलं की रंग धुतल्यासारखे फिके. आयपीएस बाजूने जवळपास तसाच दिसतो, पण कॉन्ट्रास्ट १००० ते १५०० ला १, अंधारात राखाडी. रात्रीचा सिनेमा व्हीए मागतो, जेवणाचं टेबल आयपीएस. दोन्ही हवं तर ओएलईडी. एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५५ इंचात पॅनेलची जात वेगळी असू शकते, म्हणून शेजाऱ्याकडे बघून ठरवू नका.

एचडीआरबद्दल, म्हणजे एकाच चित्रात खूप उजळ आणि खूप काळोखे भाग तपशिलासह दाखवण्याबद्दल, थोडक्यात. खोक्यावर एचडीआर, डॉल्बी व्हिजन लिहिलं म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो एवढंच. तो दाखवायला उजेड लागतो. स्वस्त टीव्ही २५० ते ३५० निट्सवर (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) थांबतात, एचडीआर सिनेमे बहुधा १००० किंवा अधिक निट्स धरून तयार केलेले असतात. झोन नाहीत आणि निट्सही नाहीत अशा टीव्हीवर एचडीआर उलट अंधारलेलं दिसतं. सॅमसंगवर डॉल्बी व्हिजन मिळत नाही, ते एचडीआर१०+ वापरतात. केवळ या कारणासाठी टीव्ही नाकारू नये असं माझं मत.

अंतर: पडद्याचा कर्ण गुणिले १.६ हे निवांत बघण्याचं अंतर. ५५ इंचाला सव्वासात फूट, ६५ ला साडेआठ-पावणेनऊ. ९ फुटांवर ६५ बसतो. पण दिवसभर साधी केबल असेल तर त्यात ५७६ ओळींचंच चित्र असतं, ते २१६० ओळींवर ताणलं जातं आणि ६५ इंचावर मालिकेतले चेहरे मेणासारखे दिसतात. ७० हजारांत ६५ इंची सुमार पॅनेल घेण्यापेक्षा ५५ इंची मिनी एलईडी घ्या.

सगळ्यात आधी मात्र टीव्हीची भिंत बदलता येते का बघा. समोर पश्चिमेची गॅलरी ही सर्वात वाईट जागा. पडद्यात ऊन, कठडा आणि वाळत घातलेले कपडे दिसणार. गॅलरीला काटकोनात असलेली भिंत मिळाली तर अर्धं भांडण मिटतं आणि खर्च फक्त प्लग पॉइंट सरकवण्याचा.

अमावस्या

वरचं बहुतेक पटलं, पण ओएलईडी इतक्या पटकन बाजूला सारू नका. सणाच्या सवलतीत ५५ इंची प्राथमिक ओएलईडी लाखाच्या आसपास येतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमती धरून बसू नका.

टेबलावरून तिरकं बघणं, रात्रीचा सिनेमा, क्रिकेटमध्ये चेंडूमागे शेपूट न येणं, तिन्हीत ओएलईडीला तोड नाही. यातही दोन जाती आहेत. एलजी डिस्प्लेच्या पॅनेलमध्ये प्रत्येक ठिपक्यात लाल-हिरव्या-निळ्या भागांसोबत चौथा पांढरा भाग (उपठिपका) असतो. सॅमसंग डिस्प्लेच्या क्यूडी-ओएलईडीत (२०२२ पासून) निळ्या ओएलईडीवर क्वांटम डॉट असतात, भडक रंग जास्त उजळ दिसतात. पण उजेडाच्या खोलीत क्यूडी-ओएलईडीचा बंद पडदाही करडा-जांभळट वाटतो. पश्चिमेच्या उन्हात तो नको.

टेस्टर

ओएलईडी वाईट नाही, पण प्रश्नातलं एक वाक्य पुन्हा वाचा: दिवसभर बातम्या.

स्वतः पेटणारा ठिपका वापराने झिजतो. बातम्यांच्या वाहिनीवर खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, बाजूला घड्याळ रोज सहा-सहा तास एकाच जागी. तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा लवकर थकतात आणि मग सिनेमातल्या निळ्या आकाशात पट्टीची सावली कायमची बसते. यालाच बर्न-इन म्हणतात. कंपन्या तो वॉरंटीत धरतात की नाही ते कार्डावर वाचून घ्या, बहुतेक वेळा धरत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. टीव्ही पाहून झाला की भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही सवय घराघरात. ओएलईडीला ती मारक आहे. एकूण चारेक तास वापर झाला की रिमोटने बंद केल्यावर तो स्वतःहून ठिपक्यांची झीज मोजून जुळवणी करतो. काही मिनिटांचं काम, पण त्याला स्टँडबायचा वीजपुरवठा लागतो. रोज बटण बंद केलं तर ही जुळवणी होतच नाही आणि डाग लवकर पडतात. घरात वडीलधाऱ्यांना हे पटवणं जमणार नसेल तर ओएलईडी घेऊ नका, हे मी गंभीरपणे सांगतोय.

एलसीडीत नेमकं काय बिघडतं तेही घ्या. सर्वाधिक तक्रार: आवाज येतो, चित्र नाही. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्याला तिरका लावा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत, मागचे दिवे गेलेत. दिवे पट्ट्यांवर एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला की माळच विझते. पट्ट्या बदलता येतात आणि बदलायच्या तर सगळ्या एकदम. एकच बदलली तर काही महिन्यांत शेजारची जाते. पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसू लागले तर दिव्यावरचं भिंग गळून पडलंय. दोन्हीमागे कारण बहुधा उष्णता. टीव्ही दुकानातल्या भडक मोडवर आणि बॅकलाइट १०० वर वर्षानुवर्षं चालवलेला असतो. रात्री ३०-४०, दिवसा ६०-७० पुरे.

उभी रेघ आली किंवा अर्धा पडदा गेला तर दोष पॅनेलच्या कडेच्या जोडणीत. काच तडकली तर विषय संपला, नव्या पॅनेलची किंमत टीव्हीच्या जवळपास जाते आणि वॉरंटी तडा मानत नाही. म्हणून घरी आल्यावर बसवणाऱ्यासमोरच खोका उघडा, चालू करून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा बघा, मगच सही करा. उचलताना दोघांनी खालच्या चौकटीला धरायचं, पडद्यावर अंगठा नाही. आडवा झोपवायचा नाही.

स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. आतला पॉवर सप्लाय साधारण १०० ते २४० व्होल्ट चालवून घेतो, मागच्या स्टिकरवर बघा. गरज असते अर्थिंगची आणि चांगल्या सर्ज प्रोटेक्टरची. वळवाच्या पावसाचं आभाळ भरून आलं की, विजा कडाडायला लागण्याआधीच, प्लगसोबत केबल किंवा डिशची वायरही काढा. वीज त्या वायरीतून येते आणि एचडीएमआय पोर्टसकट मदरबोर्ड घेऊन जाते.

सांजवेळ

सगळ्यांचे आभार. काटकोनातली भिंत मिळेल असं दिसतंय, पण ती सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची) आहे. चालेल? भिंतीवरचं बटण बंद करणं आमच्याकडे नित्यनेम आहे, सकाळच्या दिवाबत्तीइतका. त्यामुळे ओएलईडी बाद, ५५ इंची मिनी एलईडी बघतो. दुकानात उभं राहून त्याची पारख कशी करायची? सगळीकडे तोच मोर आणि तीच फळं दाखवतात.

पडद्यामागे

मोर आणि फळांवर कुठलाही टीव्ही चांगला दिसतो, म्हणूनच ते लावलेले असतात. स्वतःचा पेनड्राइव्ह न्या. त्यात पूर्ण पांढरा, पूर्ण काळा आणि मधला राखाडी अशी तीन चित्रं, रात्रीचे प्रसंग असलेली क्लिप आणि पांढऱ्या सबटायटलची क्लिप ठेवा. विक्रेत्याला स्टोअर मोड काढून होम मोड लावायला सांगा, मग पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर. एकदम पिवळट वाटेल. दहा मिनिटं थांबा, डोळे रुळले की गोऱ्या चेहऱ्याचा आणि सावळ्या चेहऱ्याचा रंग तिथेच खरा दिसतो.

राखाडी चित्रावर मळकट पट्टे किंवा डाग दिसतात का बघा. हीच घाण पुढे क्रिकेटमध्ये त्रास देते. कॅमेरा चेंडूमागे हिरव्या मैदानावरून फिरतो तेव्हा डाग मात्र जागेवरच राहतात. थोडीफार प्रत्येक एलसीडीत असते, पण ठळक असेल तर तो नग नको. डिस्प्लेवरचा नग आणि घरी येणारा नग वेगळा असतो, म्हणून ही तपासणी घरी पुन्हा करायची.

सबटायटलची क्लिप लावून लोकल डिमिंग आधी बंद आणि मग हाय करून बघा. काहीच फरक पडला नाही तर झोन नावापुरते. नंतर पडद्यापासून बाजूला सरकत तुमच्या टेबलाच्या कोनात या. पॅनेलची जात कळायला मोबाइलचा कॅमेरा पांढऱ्या चित्राच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढा आणि मोठा करा. उपठिपके सरळ उभ्या वड्यांसारखे असतील तर बहुधा व्हीए, बाणाच्या टोकासारखे तिरपे वाकलेले असतील तर आयपीएस.

स्पेसिफिकेशनच्या कागदावर नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, शोधा. मोशन २४० वगैरे आकडे दुर्लक्षित करा, ती जाहिरातीची बेरीज असते. नेटिव्ह १२० असेल तर २४ फ्रेमचा सिनेमा प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दाखवून चालतो. ६० मध्ये २४ चा भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, आणि कॅमेरा सावकाश वळताना चित्र अडखळतं. ते लपवायला मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम टीव्हीनेच बनवून घालणं) लावलं की सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत होतो. क्रिकेटला कमी ठेवा, सिनेमाला बंद.

रॅम किमान २ जीबी, स्टोरेज १६ असेल तर बरं. नेटफ्लिक्स आणि प्राइम अधिकृत आहेत ना ते बघा. परवाना नसलेल्या अँड्रॉइडच्या स्वस्त टीव्हीवर वाइडव्हाइन एल१ (ओटीटीचं एचडी-४के चित्र दाखवायला लागणारी सुरक्षा पातळी) नसतं आणि ४के पडद्यावर साधं, कमी स्पष्टतेचं एसडी चित्र चालतं. एक पोर्ट ईआर्कचा (टीव्हीचा आवाज साउंडबारला देणारा एचडीएमआय) असावा, कारण इतक्या पातळ टीव्हीचे २० वॅटचे स्पीकर खाली तोंड करून असतात, संवाद नीट ऐकू येत नाहीत. साउंडबार लागणारच, त्याचे आठ-दहा हजार आताच बाजूला काढा.

टेस्टर

सिपोरेक्सबद्दल. साधा प्लास्टिकचा गट्टू त्यात धरत नाही. भोकात भुगा होतो आणि महिन्या-दोन महिन्यांत ढिला पडतो. त्या ब्लॉकसाठीचे खास अँकर मिळतात किंवा केमिकल अँकर वापरायचे. ड्रिल हॅमर बंद ठेवून फिरवायचं, नाहीतर भोक मोठं होतं. पलीकडे स्वतःचीच खोली असेल तर आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी सगळ्यात भक्कम. कंपनीकडून येणाऱ्या मुलाला हे आधी फोनवर सांगा, तो पिशवीत गट्टूच घेऊन येतो.

५५ इंची मिनी एलईडी साधारण १५ ते २० किलोचा. पुढे ओढता येणारा हात लावलात तर टीव्ही जितका बाहेर येईल तितका वरच्या बोल्टवर ताण वाढतो. सिपोरेक्सवर स्थिर ब्रॅकेटच बरा. पण स्थिर ब्रॅकेट म्हणजे टेबलाकडे वळवता येणार नाही, हे धरून जागा ठरवा. मागच्या स्क्रूची लांबी मॅन्युअलमध्ये पाहून घ्यायची, जास्त लांब स्क्रू आतल्या बोर्डात घुसतो. पडद्याचा मध्य जमिनीपासून १०५ ते ११० सेंटीमीटर, म्हणजे सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांसमोर. आपल्याकडे देवाच्या तसबिरीइतका उंच लावतात आणि मग मान दुखते.

पडद्यामागे

एक राहिलं. सेट टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडलेला असेल तर बॉक्स कितीही चांगला असला तरी चित्र एसडीच येणार. ३२ इंचावर ते खपून जातं, ५५ वर नाही. केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या, एचडीएमआयने जोडा, बॉक्सच्या मेनूत आउटपुट १०८० करा. पॅकेजमध्ये वाहिन्यांची एचडी आवृत्ती आहे का तेही विचारा, एचडी बॉक्सवर एसडी वाहिनी एसडीच दिसते. टीव्हीच्या मेनूत स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन चालू करा, नाहीतर कडा कापल्या जातात आणि खालची पट्टी अर्धी दिसते.

सांजवेळ

आत्ताच मागे वाकून पाहिलं. पिवळी-लाल-पांढरीच आहे. शनिवारी दुकानात जाण्याआधी केबलवाल्याला फोन करतो.